वैद्याचा पार्ट कोणी घ्यायचा?

बारा वर्षांचा वनवास संपत आला, अज्ञातवासाचे तेरावे वर्ष समोर उभे राहिले, तेव्हा पांडवांनी एक बैठक घेतली. विराटपर्वाच्या आरंभीच ती येते. विराटाच्या नगरात राहायचे ठरते. युधिष्ठिर स्वतःचे सांगतो आणि मग एकेकाला विचारतो, तू तिथे कोण होऊन राहशील? तो स्वतः कंक होणार, राजाशी फासे खेळणारा सभासद. भीम बल्लव नावाचा आचारी. अर्जुन बृहन्नडा, राजकन्येला नाचगाणे शिकवणारा. नकुल ग्रंथिक होऊन घोड्यांकडे जाणार, सहदेव तंतिपाल होऊन गाईंकडे. द्रौपदीला कष्टाची सवय नाही, ती काय करील, असे युधिष्ठिराच्या मनात येते; उत्तर द्रौपदी स्वतःच देते, मी सैरंध्री होईन. कोणाला कोणते काम झेपेल, कोणते सोंग उघडे पडणार नाही, आणि सगळे मिळून वर्ष कसे निभेल, हे तिन्ही प्रश्न त्या एका बैठकीत सुटतात.

अशीच बैठक आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत आणि अमेरिकेतल्या तळघरांत होते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, कागद-पेन्सिल पुढे ओढतात आणि एकमेकांना विचारतात, तू कोण होणार? या खेळाला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. या लेखापुरते मी त्याला सोंगखेळ म्हणणार आहे. भूमिका नटाला दिली जाते, सोंग आपण घेतो. आणि या खेळात घेण्यालाच महत्त्व आहे.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बसलेल्यांपैकी एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो: तुम्ही खंदकाच्या काठावर आहात, पूल ओढून घेतला आहे, पलीकडे एक मशाल हलते आहे. बाकीच्या प्रत्येकाने एकेक सोंग घेतलेले असते आणि आपले सोंग आता काय करते ते तो बोलून सांगतो. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा पडतो. सहा बाजूंचा फासा आपल्याला माहीत आहे. या खेळाची खूण म्हणजे वीस बाजूंचा फासा. संहिता नसते, प्रेक्षक नसतात, जिंकणे-हरणेही फारसे नसते. एक बैठक तीन-चार तास चालते आणि एक गोष्ट महिनोन्‌महिने. सोंगांच्या गटाला इंग्रजीत पार्टी म्हणतात. आमच्याकडे पार्टी म्हटले की निवडणूक किंवा ढाबा आठवतो, म्हणून मी तमाशातला फड हा शब्द घेतो. आणि सोंगाच्या प्रकाराला दशावतारातला पार्ट हा शब्द अगदी चपखल बसतो: राजपार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट.

माझ्याविषयी एवढेच सांगणे पुरे, की मी भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला राहतो, शिक्षण बारावीपर्यंतचे, आणि दुकान सांभाळून गेली पंचवीस वर्षे भारूड, लळित आणि बहुरूपी यांची टिपणे करत आलो आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने या खेळाचे नियमग्रंथ आणून दिले. ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. नियम शेकड्यांनी आहेत, पण पन्नास वर्षे ते एकाच अडचणीभोवती फिरत आहेत असे मला दिसले. फडात सगळ्यांना लागणारा आणि घ्यायला कोणालाच नको असलेला एक पार्ट असतो. तो वैद्याचा.

या खेळाचा पहिला छापील ग्रंथ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, जानेवारी १९७४. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तो निघाला. तीन पातळ पुस्तिका, पहिली आवृत्ती १००० प्रतींची. दोघेही मूळचे युद्धखेळ खेळणारे, म्हणजे टेबलावर शिशाच्या सैनिकांच्या पलटणी मांडून लढाया लढणारे. त्या खेळात एक खेळाडू म्हणजे एक सैन्य. यांनी एक खेळाडू म्हणजे एक माणूस असे केले आणि तिथूनच सगळ्या गुंत्याला सुरुवात झाली. सैन्यात घोडदळ, पायदळ, तोफखाना सगळे एकाच्याच हातात असते. माणूस एकटा असला की त्याला काय येते आणि काय येत नाही हा प्रश्न येतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याची गरज.

त्या पहिल्या ग्रंथात तीनच पार्ट होते: लढवय्या, मांत्रिक आणि क्लेरिक, म्हणजे पुजारी. जखमा बऱ्या करण्याचे काम या पुजाऱ्याकडे असते, म्हणून मी त्याला वैद्यच म्हणतो. तो कसा जन्मला याची हकिकत मजेदार आहे. आर्नेसनच्या घरगुती खेळात एका खेळाडूचे सोंग सर फँग नावाचे रक्तपिपासू पिशाच्च झाले. ते इतके बलाढ्य झाले की बाकीच्यांना खेळणे मुश्कील होऊ लागले. त्याला आवरायला पिशाच्चे पळवून लावणारा एक धर्मोपदेशक तयार केला गेला. तोच पुढे छापील ग्रंथातला पुजारी झाला. म्हणजे तोल सांभाळायला जो पार्ट आणला तो मुळात वैद्य नव्हताच. औषधोपचार त्याच्या गळ्यात नंतर पडले. १९७४च्या नियमांत तर पहिल्या पायरीवरच्या पुजाऱ्याला एकही मंत्र येत नाही. पहिली जखम बरी करायला त्याला एक पायरी चढावी लागते.

आणि सोंग निवडायचे कसे? त्या ग्रंथात आधी फासे, मग निवड. सूत्रधाराने सहा-बाजूंचे तीन फासे सहा वेळा टाकायचे: बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवर पडणारी छाप. पडेल तो आकडा, पडेल त्या जागी. बुद्धीला पाच पडले तर मांत्रिक व्हायची हौस गुंडाळून ठेवायची. याला आपल्याकडे नशीब म्हणतात. १९७७ साली निघालेल्या ‘ट्रॅव्हलर’ या अवकाशप्रवासाच्या खेळात तर सोंगाचे पूर्वायुष्य फाशांनी ठरवता ठरवता, खेळ सुरू होण्याआधीच, ते सोंग मरू शकत असे. नवा कागद घ्या, नवा जन्म. पुढे हळूहळू नशिबाचा वाटा कमी होत गेला. आकडे हव्या त्या जागी लावायची मुभा आली, मग ठरावीक गुण बाजारहाटाच्या पैशांसारखे वाटून घ्यायची पद्धत आली. निवड मोकळी झाली. आणि निवड मोकळी होताच वैद्याच्या जागेवर बसायला कोणी मिळेना.

यात नवल नाही. लढवय्या वार करतो, मांत्रिक आग पाडतो, चोर कुलूप उघडतो. वैद्य मात्र दुसऱ्याला लागेपर्यंत थांबतो आणि मग झालेले नुकसान भरून काढतो. दुसऱ्याची चूक ही त्याची पाळी. त्याने आपले काम उत्तम केले तर सगळे होते तिथे परत येतात, इतकेच. संगणकावरच्या खेळांत तर ही टंचाई उघड मोजता आली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाने २०११ साली ज्या पार्टाची चणचण असेल तो घेणाऱ्याला जादा बक्षीस द्यायला सुरुवात केली. चणचण असे ती वैद्यांची आणि पुढे उभे राहून मार खाणाऱ्यांची. आम्ही दिवाळी धनत्रयोदशीच्या धन्वंतरी पूजनाने सुरू करणारी माणसे, म्हणून एक आठवण करून देतो. समुद्रमंथनातून धन्वंतरी अमृताचा कलश घेऊन वर आला. कलश कोणी पळवला, कोणी परत मिळवला, थेंब कुठे सांडले, हे सगळे आपल्याला तोंडपाठ आहे. कलश हातून गेल्यावर धन्वंतरी कुठे उभा होता, हे कोणी विचारत नाही.

मागच्या दिवाळीत भाच्याने हसनाबादला हा खेळ मांडला. इंग्रजी नियमांतले किल्ले आमच्या डोळ्यांपुढे येईनात, म्हणून मी त्याला देवगिरी सुचवला. डंजन म्हणजे भुयार, तळघर. आणि देवगिरीच्या अंधारीपेक्षा चांगले भुयार शोधून सापडायचे नाही. खोदलेला खंदक, मग वळणावळणाची काळोखी वाट, शत्रू चाचपडत आत आला की त्याला स्वतःचाच माणूस ओळखू येऊ नये अशी. आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण तापवून धूर सोडायची सोय. आमच्या भागातल्या शाळेची एक तरी सहल तिथे गेलेली असते. काळ धरला यादवांचा. खेळायला चार जण बसले: कॉलेजातली दोन मुले, सलून चालवणारा एक शेजारी आणि बारावीतली एक मुलगी. मी वही घेऊन कडेला.

मुलांनी क्षणात दोन पार्ट उचलले, भालाईत आणि मांत्रिक. सलूनवाल्याने भाट घेतला. गावातली प्रत्येक बातमी आधी त्याच्या खुर्चीवर येते, त्यामुळे निवड साजेशीच. मग तिघांनी एकदम मुलीकडे पाहिले. “तू वैद्य हो ना, आपल्यात वैद्यच नाही.” ती म्हणाली, “घरीबी सगळ्यांचं औषधपाणी मीच बघते. इथं तरी मला कुलपं फोडू द्या की.” आणि तिने चोर घेतला.

भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, वैद्याशिवाय हे अंधारीतच मरतील.” मी म्हटले, मरू दे की, गोष्टच आहे.

पुढच्या तीन तासांत जे झाले ते मी वहीत मिनिटांसह लिहिले आहे. पहिल्याच वळणावर भालाईताला खोल जखम झाली आणि ती बरी करणारा कोणी नाही हे चौघांच्या लक्षात आले. तिथून खेळण्याची चालच बदलली. दगड टाकून पाहिल्याशिवाय पाऊल पडेना. पहारेकऱ्याशी लढण्याऐवजी भाट पुढे झाला आणि त्याने त्याच्या गावच्या चौकशा काढल्या. चोराने, म्हणजे त्या मुलीने, धुराचे झाकण खालून अडकवून ठेवायची युक्ती काढली. ती भाच्याच्या टिपणात नव्हती. वैद्य नसलेला फड जास्त शहाणा झाला, असे मी म्हणेन. पण त्याची किंमतही पडली. शेवटच्या चढावर भालाईत मेला आणि तो मुलगा पुढची चाळीस मिनिटे मोबाइल बघत बसला. मेल्याचे दुःख त्याला नव्हते. त्याला करायला काही उरले नव्हते.

त्या चाळीस मिनिटांवर मी बराच विचार केला आहे. नियमग्रंथांत तोल म्हणजे बळाचा तोल असे धरून चालतात: याचा वार इतक्याचा, त्याचा मंत्र तितक्याचा, बेरीज जुळली पाहिजे. टेबलाशी बसून पाहिले की बेरजेची आठवण कोणाला होत नाही. माणूस हिरमुसतो तो दुसरा बलवान आहे म्हणून नव्हे. आपल्यावाचून काही अडत नाही हे कळले की हिरमुसतो. माझे म्हणणे असे, की फडाचा खरा तोल पाळीचा असतो. प्रत्येक सोंगाला एक तरी अशी घडी मिळाली पाहिजे की तिथे त्याच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. बळ कमी-जास्त असले तरी चालते.

हे मला दशावताराने आधी शिकवले होते, खेळ नंतर भेटला. तळकोकणात सुगी उरकली की देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री दशावतार. तिकडे त्याला धयकालोही म्हणतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर ही जुन्या मंडळ्यांची नावे. कुडाळ-सावंतवाडी भागात हिवाळ्यात दोन-तीन फेऱ्या करून मी हे पाहिले. त्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते ते ठरते, पार्ट वाटले जातात, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो आणि नट तोंडाला रंग लावायला बसतात. रात्रभर जे संवाद होतात ते जागेवरच रचलेले. पुराण प्रत्येकाच्या डोक्यात पक्के असते आणि समोरचा काय बोलेल त्यावर आपले बोलणे. प्रेक्षक नसते आणि फासे असते तर हा सोंगखेळच झाला असता. फाशाचे काम तिथे समोरचा नट करतो. तो काय टाकील याचा नेम नसतो.

पार्टांची वाटणी मात्र तिथे मोकळी नाही. उंच, भरदार आवाजाचा तो राजपार्टी. लवचीक अंगाचा, गोड गळ्याचा तो स्त्रीपार्टी (स्त्रीपार्ट परंपरेने पुरुषच करतात). एकदा बसलेला पार्ट बहुधा वर्षानुवर्षे चालतो आणि माणूस त्याच नावाने ओळखला जातो. निवडीचे स्वातंत्र्य थोडे, तरी नट चिडलेले दिसत नाहीत, याचे कारण मला पूर्वरंगातल्या संकासुरात सापडले. हा वेद पळवणारा राक्षस. काळा वेष, तोंडावर मुखवटा, बोली अस्सल मालवणी. भटजीची तो यथेच्छ टर उडवतो, गावच्या पुढाऱ्यांना चिमटे काढतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. बळाच्या हिशेबाने विष्णू श्रेष्ठ. वाट मात्र लोक संकासुराची बघतात. आख्यानातला राजपार्टी पुढे कितीही गाजो, संकासुराची ती घडी त्याच्याकडून कोणी काढून घेत नाही. प्रत्येक पार्टाची जागा राखलेली असते, आणि ती राखण्याचे काम मंडळीचा अनुभवी मालक करतो.

जागा राखण्याला दुसरी बाजूही आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या त्या खेळाला ‘ग्रेहॉक’ नावाची पुरवणी निघाली आणि तिच्यात चोर हा नवा पार्ट आला: कुलूप उघडणे, दबक्या पावलाने जाणे, भिंत चढणे. तोवर हे सगळे कोणीही करून बघत असे. सूत्रधार ऐकून घेई आणि ठरवी. चोर आल्यावर बाकीच्यांनी भिंतीकडे बघणे सोडले. ते चोराचे काम. एकाला पार्ट दिला की उरलेल्यांचा तेवढा भाग काढून घेतला जातो. गावगाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे पार्ट जन्माने मिळत, आणि ज्याचे काम त्यानेच करायचे या नियमाने कित्येक पिढ्यांनी भिंतीकडे बघितलेच नाही. म्हणून खेळातल्या निवडीला मी क्षुल्लक समजत नाही. आमच्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात हीच गोष्ट भारुडांत करून दाखवली. जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या, कोल्हाटी, आणि जोहार घालणारा महारही: ब्राह्मणाच्या घरात जन्मलेल्या माणसाने घेतलेली ही सोंगे आहेत. ज्याचा पार्ट आपल्याला कधीच मिळाला नसता त्याच्या तोंडाने बोलून बघायचे. सोंगखेळात नवखा खेळाडू बहुधा स्वतःसारखेच सोंग घेतो, थोडे उंच आणि थोडे शूर. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो धीट होतो. बारावीतली ती मुलगी पहिल्याच खेपेला धीट निघाली. तिला रोजचा पार्ट पुन्हा नको होता.

तरीही वैद्याची जागा रिकामी ठेवून भागत नाही, हे देवगिरीनेच दाखवले आहे. १२९६ साली अलाउद्दीन खलजी चालून आला तेव्हा रामदेवराय किल्ल्यात शिरला. किल्ला अजिंक्य. पण घाईने वर नेलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघाले, अशी कथा जुन्या इतिहासांतून सांगत आले आहेत. तिचे शब्दशः खरेखोटेपण बाजूला ठेवू. तिचा रोख स्पष्ट आहे: फडात भालाईत भरपूर होते, कोठाराकडे बघणारा कोणी नव्हता. हनुमंताचेही तेच. समुद्र ओलांडणारा, बळाला तोड नसलेला. पण पर्वतावर पोचल्यावर नेमकी वनस्पती कोणती ते ओळखता येईना, म्हणून शिखरच उचलून आणावे लागले. वाडवडील ही गोष्ट बळाची म्हणून सांगत. मला ती फडात वनस्पती ओळखणारा एक माणूस कमी पडल्याची वाटते.

नियम लिहिणाऱ्यांनीही या पार्टाची डागडुजी करून पाहिली. २००८च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी सरळ चार कामे जाहीर केली: रोखणारा, घाव घालणारा, रणांगण फिरवणारा आणि चौथा लीडर. जखमा भरणाऱ्याला त्यांनी पुढारी असे नाव दिले! नावाने भुलून कोणी तरी जागेवर बसेल असा हिशेब असावा. त्याबरोबर एक खरी सुधारणाही केली: या लीडरला एकाच पाळीत दुसऱ्याची जखम भरून स्वतः वारही करता येई, औषधापायी त्याची पाळी बुडत नसे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत थोडी विश्रांती घेतली की प्रत्येक जण आपापल्या जखमा काही प्रमाणात भरून काढू शकतो. वैद्यावरचा भार हलका झाला. पण भार हलका करणे वेगळे आणि पाळी देणे वेगळे. २०१०च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या व्हिन्सेंट बेकर यांच्या खेळाची रीत मला जास्त पटते. तिथे प्रत्येक सोंगाची वेगळी पुस्तिका असते आणि एका टेबलावर तीच पुस्तिका दोघांना घेता येत नाही. कोण बलवान हा वादच उरत नाही, कारण दुसरा कोणी त्या जागेवर नाही.

पाळी द्यायची कशी, हे नियमांपेक्षा सूत्रधाराच्या हातात आहे. वैद्याला फक्त जखमा बांधायला लावल्या तर तो कंटाळणारच. पण वैद्य म्हणजे कोण याचा क्षणभर विचार करा. शत्रूच्या छावणीत भालाईत शिरू शकत नाही, चोर रात्रीच शिरतो, वैद्य मात्र भर दिवसा, हातात पिशवी घेऊन, पहारेकऱ्याने वाट करून दिल्यावर आत जातो. आमच्याकडेही रात्री दोन वाजता ज्याला कोणाच्याही घराचे दार उघडते असा माणूस डॉक्टर किंवा सुईण. त्याला घरातली भांडणे कळतात, कोण कोणाशी बोलत नाही ते दिसते, विष आणि ताप यांतला फरक समजतो. सेनापती आजारी आहे एवढी एक ओळ सूत्रधाराने घातली की फडातला सगळ्यांत दुर्लक्षित माणूस सगळ्यांत पुढे येतो. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने अंधारीच्या वरच्या टोकाला एक तापलेला किल्लेदार लिहून ठेवला, पुढच्या वेळेसाठी.

आता विराटपर्वाकडे पुन्हा वळतो, कारण तिथे एक उणीव दिसते आणि ती फार कोणाला टोचलेली नाही. अज्ञातवासात सोंगे तर सहा. त्यांपैकी द्रौपदीवर संकट येते, भीम नर्तनशाळेत कीचकाला मारतो, अर्जुन उत्तराचा सारथी होऊन निघतो आणि कौरवांना परतवतो, युधिष्ठिराच्या तोंडावर विराट फासा फेकून मारतो आणि त्या रक्ताच्या थेंबांवर सगळा प्रसंग तोलला जातो. नकुल-सहदेवांचे काय? ते लढाईला जातात, लढतात. पण त्यांच्यावाचून अडेल अशी घडी त्यांना मिळत नाही. आणि हे दोघे कोण? देवांचे वैद्य जे अश्विनीकुमार, त्यांचे मुलगे. बैठकीत त्यांनी स्वतःविषयी सांगितलेलेही तेच आहे: नकुल म्हणतो मला घोड्यांचे उपचार येतात, सहदेव म्हणतो मला गाईंची निगा कळते. पांडवांच्या फडातले वैद्य हेच दोघे, आणि गोष्टीने पाळी नाकारली तीही नेमकी याच दोघांना.

खरे तर व्यासांच्या हातात संधी होती. विराटावर आलेले संकट आहे गोग्रहण. गाईच पळवल्या आहेत. सुशर्मा त्रिगर्तांचे सैन्य घेऊन येतो, कळप वळवून नेतो, आणि राजाच्या गाईंचा मुख्य राखणदार तंतिपाल म्हणजे सहदेव तिथेच हजर असतो. तरी गाई सोडवण्याचा मान भीमाला. सहदेवाने नुसते इतरांबरोबर लढायचे.

यंदा भाचा येईल तेव्हा अंधारीच्या आधी हे आख्यान मांडायचे ठरले आहे, आणि तंतिपालाचे सोंग पहिल्या निवडीला ठेवायचे. ज्याला मागच्या वेळी सगळ्यांत शेवटी विचारले त्याला यंदा आधी विचारायचे. प्रसंगाची सुरुवात मी लिहून दिली आहे. दूत धापा टाकत येतो, राजा रथ जोडायला सांगतो, भीम झाड उपटायला निघतो. सूत्रधाराने तिथे थांबायचे आणि सहदेवाला विचारायचे: नेलेल्या कळपात व्यायला टेकलेल्या गाई किती होत्या, आणि त्यांना घेऊन सुशर्मा रात्रीतून किती लांब जाऊ शकेल?